नकटीचं नाक

"आई, माझं नाक गेलं असेल का गं?"

लेकीनं फोनवर हे विचारलं त्याला आठवडा उलटला, तरी आईच्या कानातून ते जात नव्हतं. चादर बदलताना, दूध तापवताना, दुखऱ्या पायाला तेल चोळताना मध्येच ते वाक्य समोर येऊन उभं राही. खरं तर वाक्यापेक्षा त्यातला आवाज. ही मुलगी जन्मात कुणाला काही विचारत नसे, ती सांगत असे. समोरच्याला रुचो न रुचो, फाडकन सांगून मोकळी व्हायची. तिच्या तोंडून असा चाचपडणारा प्रश्न आईनं कधी ऐकलाच नव्हता. आणि त्यावर आपण काय उत्तर दिलं? "काहीतरीच काय! सर्दी झाली होती ना, वाफ घे." आईला स्वतःचाच राग येत होता. वाफ घे म्हणे.

बसक्या नाकामुळे घरात सगळे तिला नकटी म्हणत. नाक दिसायला एवढंसं, पण त्याच्या तावडीतून काही सुटत नसे. शाळेत जायच्या आधीपासूनची गोष्ट. दुधाचा पेला ओठांपर्यंत नेऊन तिनं खाली ठेवला. "याला कांदा येतोय." आईनं धपाटा घातला, पेला पुन्हा हातात दिला, तिनं पुन्हा ठेवला. शेवटी आईनं फ्रिज उघडला, तर दुधाच्या पातेल्याला खेटून अर्धा चिरलेला कांदा. पुढे शाळेतून आल्यावर दारातच चप्पल काढता काढता विचारायची, "मावशी येऊन गेली ना?" मावशी गेलेली असायची केव्हाच, तिची पावडर मात्र या पोरीसाठी मागे थांबलेली असायची.

एकदा तर शेजारच्या काकूंकडे पाहुण्यांनी भरलेल्या खोलीत तिनं जाहीर केलं, "काकू, तुमच्याकडे ओल्या पायपुसण्याचा वास येतो." काकूंनी पुढे कित्येक महिने अबोला धरला. आईनं घरी आणून कान उपटला. बाबा वर्तमानपत्र तोंडासमोर धरून बसले होते, पण कागद हलत होता.

"हसताय काय? तिला वळण लावायचं सोडून!"

"अगं, पण येतो खरंच."

रसायनशास्त्राची पदवी हातात पडली तेव्हा आईनं तिच्यासाठी औषधांची कंपनी मनात धरली होती. फार तर साबणाचा कारखाना. तेवढ्यात मामा टपकला. मामा म्हणजे आईचा पाठचा भाऊ. दिवसभराच्या रस्त्यावरच्या दुसऱ्या एका गावात त्याची छोटी ब्रुअरी. तिथे एकच बिअर बनते, पिल्सनर. फिक्या सोनेरी रंगाची, आरपार दिसणारी, वर पांढराशुभ्र फेस आणि शेवटी स्वच्छ कडवटपणा. गडद बिअरमध्ये एखादी चूक खपून जाते, असं नकटी पुढे सांगायची. पिल्सनर म्हणजे पांढरा सदरा, शिंतोडा उडाला की दिसलाच.

"ताई, तुझ्या पोरीचं नाक मला दे," मामा म्हणाला. शेजाऱ्याकडे शिडी मागावी तसं.

"माझी मुलगी दारू चाखायला ठेवू?"

"दारू काय म्हणतेस! बिअर आहे."

"तू मला शिकवू नकोस. पहिल्यांदा पिऊन आला होतास तेव्हा आपल्या बाबांना कळू नये म्हणून तुझा सदरा मीच धुतला होता."

आई महिनाभर भांडली. पण नकटीनं बॅग भरली होती. आई तेव्हा म्हणाली होती, "जा, पण मला आवडलेलं नाही, हे लक्षात ठेव." हे ती पुढेही दर फोनला या ना त्या शब्दांत म्हणत राहिली. पहिला प्रश्न, जेवलीस का. दुसरा, आज किती ग्लास?

"आई, ग्लास नाही गं. घोट."

"घोटाघोटानंच ग्लास होतो."

ती चाखण्याची खोली आईनं एकदाच पाहिली. पांढऱ्या भिंती, लांब टेबल, प्रत्येकापुढे पाणी आणि साध्या पावाचे तुकडे. अत्तर लावून आत यायचं नाही, चहा-कॉफी पिऊन यायचं नाही. आईनं लेकीसाठी नेलेला चंदनाचा साबणसुद्धा फाटकावरच्या पहारेकऱ्याकडे ठेवावा लागला. नकटी ग्लास उजेडात धरायची, तळहातानं झाकून हलवायची, मग हात काढून छोटे छोटे दोन-तीन हुंगे. मध्येच स्वतःच्या कोपराच्या खोबणीत नाक खुपसायची. स्वतःच्या कातडीचा वास घेतला की नाकाची पाटी कोरी होते म्हणे. मग घोट. आणि तो गिळायचा.

"वाइनवाले थुंकतात ना? मग तुम्हाला काय धाड भरली?"

"कडवटपणा घशाशी कळतो, आई. गिळल्याशिवाय निकाल नाही देता येत."

तिथला आणखी एक नियम होता. सगळ्यांचं मत लिहून होईपर्यंत कुणी तोंड उघडायचं नाही. एकानं 'सफरचंद' म्हटलं की बाकीच्यांनाही सफरचंदाचा वास यायला लागतो. ज्या मुलीला घरात कुणी गप्प करू शकलं नाही, ती तिथे ओठ मिटून बसलेली पाहून आईला नवल वाटलं होतं, आणि थोडा हेवाही. नाकासाठी ही पोर काय वाटेल ते करायची. एक चांगलं चालून आलेलं स्थळसुद्धा तिनं मुलाच्या दाढीनंतरच्या लोशनपायी नाकारलं. "आई, जन्मभर टेबलाजवळ बसता येणार नाही मला." आईनं हात टेकले.

मग आई जिन्यावरून घसरली आणि घोटा मोडला. नकटी रजा टाकून आली आणि दीड महिना राहिली. आईला उचललं, बसवलं, न्हाऊ घातलं, औषधांवरून भांडली. त्यातच तिला जबर सर्दी झाली, ती आठ-दहा दिवस हटली नाही. बाबांचाही एक नियम होता. घरात आजारी माणूस असताना ग्लास भरायचा नाही. एरवी मामा मधूनमधून घरी बाटल्या पाठवी आणि सुट्टीच्या दिवशी बाबा एक, क्वचित दीड ग्लास घेत. ते सगळं बंद होतं. आई काठी घेऊन चालायला लागली, नकटी परत गेली, आणि महिन्याभरात हा फोन.

आईनं त्या दिवशी खोदून खोदून विचारलं तेव्हा एवढंच कळलं. परत गेल्यावर पहिल्याच सकाळी तिला बिअरमध्ये काहीतरी खटकलं. तिनं ते बोलून दाखवलं, पण बाकी कुणाला काही लागलं नाही. वाद झाला. मग मामानं तिची तीन ग्लासांची परीक्षा घेतली. तीनपैकी दोन सारखे, एक वेगळा, तो वेगळा शोधायचा. रोज ती ही परीक्षा डोळे मिटून द्यायची. यावेळी तिला वेगळा सापडला नाही.

"मग?"

"मग मामा म्हणाला, तू थोडे दिवस ऑफिसात बस. आता लेबलांच्या ऑर्डरी बघते."

"पण तुला खटकलं काय होतं? कसला वास?"

"ते नाही सांगणार. सांगितलं की तुलाही यायला लागेल." आणि मग तिनं नाकाचं विचारलं होतं. रोज सकाळी उठून ती कॉफी, साबण, व्हिनेगर हुंगून बघते म्हणे. सगळं येतं. पण आता आलेल्यावरही विश्वास बसत नाही.

माझ्या उशाशी बसून सर्दी ओढवून घेतली पोरीनं, आई मनात घोकत राही. माझ्या घोट्यापायी तिचं नाक गेलं. आणि याच्या जोडीला आणखी एक विचार हळूच येऊन बसे. त्याची तिला लाज वाटे, तरी तो येई. चला, सुटली एकदाची त्या पिण्यातून.

या महिन्यात तिचं बाबांशी दोनदा वाजलं, तेही ग्लासावरून. आई बरी झाल्यावर मामाच्या नव्या बाटल्या आल्या होत्या आणि बाबांचा सुट्टीचा ग्लास पुन्हा सुरू झाला होता. विसळायला घेतला की तळाशी उरलेल्या घोटाचा वास वर येई.

"अहो, लोण्याची सुरी बुडवलीत की काय यात?"

"लोणी कुठलं? मी घरात लोणी पाहून वर्ष झालं, डॉक्टरांची कृपा."

"मग सिनेमाच्या थिएटरातल्या मक्याच्या लाह्यांसारखा वास का येतोय?"

"तुझा साबण बदल. बिअर फक्कड आहे. पूर्वीपेक्षा मऊ लागते."

सुट्टीच्या दिवशी दुपारी मामा स्वतः आला. गाडीतून बाटल्यांची आणखी एक पेटी उतरवली, ताईच्या पायाची चौकशी केली, बाबांना ग्लास भरून दिला, स्वतःला भरून घेतला आणि खुर्चीत ऐसपैस बसला. घसा खाकरला. आईनं ओळखलं. याला काहीतरी मागायचं असलं की हा आधी घसा खाकरतो, लहानपणापासून.

"ताई, तू तिला समजाव. एकदा डॉक्टरला दाखवून येऊ दे. मी काय तिला काढून टाकणार आहे का? ऑफिसात मानानं राहील. पण त्या खोलीत पुन्हा बसायचा हट्ट सोडू दे. मास्तर नाराज आहे." मास्तर म्हणजे बिअर बनवणारा मुख्य माणूस. "सगळ्या टेबलासमोर म्हणाली, टाकी ओतून द्या! उन्हाळा तोंडावर, मागणी एवढी वाढलेली, नव्या टाक्या अजून बसायच्यात. त्यात परवा पिल्सनरची स्पर्धा आहे, बाटल्या जाऊन पोचल्यासुद्धा. आणि ही म्हणते, ओता."

"का पण? काय खोट काढली तिनं?"

मामा हसला. "लोणी म्हणे! लोण्याचा वास येतो म्हणे. मी म्हटलं, ताईनं महिनाभर लोणी चारलं वाटतं तुला. सगळे असे हसले!"

बाबांनी तोंडाशी नेलेला ग्लास तसाच थांबला. त्यांनी आईकडे पाहिलं. आई मामाकडे पाहत होती.

"आणि तीन ग्लास ठेवले होतेस ते?"

"तिथेच तर कळलं ना तिचं नाक गेलंय ते! दोन नव्या टाकीतले, एक मागच्या महिन्याच्या मालातला. तो माल सगळ्यांनी वाखाणला होता. एवढासुद्धा फरक ओळखता येईना. म्हणाली, तिन्हींत लोणी आहे."

"म्हणजे तिन्ही तुझेच."

"मग? दुसऱ्याची बाटली माझ्या टेबलावर मांडू? फाटकाच्या आत दुसऱ्याची बाटली येऊ द्यायची नाही, हा पहिल्या दिवसापासूनचा नियम आहे आपला. भाऊजी, तुम्ही सांगा हिला."

भाऊजींनी ग्लास खाली ठेवला.

"तो माल बनला तेव्हा ती कुठे होती रे? इथे होती, माझ्यापाशी. ती नसताना काय बदललंस?"

"काही नाही बदललं."

"काय बदललंस?"

मामा जरा वेळ बाटलीच्या लेबलाचा कोपरा नखानं उचकटत राहिला. "बदललं असं नाही. बिअर थंडाव्यात आंबते ना, तर शेवटी दोन-तीन दिवस तिला थोडी ऊब देतात. आंबवताना यीस्टनं जो काही वासांचा पसारा करून ठेवलेला असतो, तो त्या उबेत तेच खाऊन संपवतं. मास्तर म्हणाला, एका दिवसात भागेल. टाक्या लवकर मोकळ्या होतात. रोज पितोय आम्ही सगळे, पाळी सुटली की एकेक ग्लास. कुणालाच काही लागलं नाही."

कसं लागेल? आईला काकूंची ती खोली आठवली. ओलं पायपुसणं काकूंना कधी आलं होतं? रोज त्यातच बसून होत्या त्या. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सर्दी बरी झालेली कोरी मुलगी बाहेरून आत आली, तिनं एका घोटात सांगितलं, आणि या सगळ्या माखलेल्या नाकांनी मिळून तिलाच वेड्यात काढलं. आणि ती पोर रोज सकाळी उठून साबण हुंगत बसलीय.

"अहो, उठा," ती बाबांना म्हणाली. "कोपऱ्यावरच्या दुकानातून दुसऱ्या कुठल्याही कंपनीची पिल्सनर आणा. थंडच द्यायला सांगा."

"मी? तो दुकानदार मला ओळखतो गं."

"मग ओळख दाखवा आणि आणा."

"ताई, काय पोरखेळ लावलायस?"

"बस तिथे. उठलास तर बघ."

स्वयंपाकघरात तिनं तीन सारखे ग्लास धुऊन, पुसून ओळीनं ठेवले. दोनांत भावाची, एकात परकी. तोंडाला कधी न लावलेली वस्तू तिनं काठी बाजूला ठेवून ओतली. बाहेर नेण्याआधी तिनं बाही सारून स्वतःच्या कोपराच्या खोबणीत नाक खुपसलं, लेक करायची तसं. मग एकेका ग्लासावर वाकली. लोणी. मग काहीच नाही, नुसता ओल्या गवतासारखा हिरवट कडू वास. मग पुन्हा लोणी. डोळे भरून आले. ते तिनं त्याच बाहीला पुसले.

तिनं तिन्ही ग्लास मामापुढे ठेवले. "ओळख. वेगळा कुठला?"

"ताई, मी वीस वर्षं या धंद्यात…"

"ओळख ना मग."

मामानं पहिला ग्लास हुंगला, घोट घेतला. दुसरा हुंगला. तिथे त्याचा हात थबकला. तिसरा. मग परत पहिला. मामाचा चेहरा हळूहळू उतरत गेला. लहानपणी चोरी पकडली गेली की असाच उतरायचा. त्यानं दुसऱ्या ग्लासावर बोट ठेवलं.

"हा दुसऱ्याचा."

"कसा ओळखलास?"

"याला... याला ते येत नाही."

"काय येत नाही? नाव घे ना."

मामानं खिशातून रुमाल काढून कपाळ टिपलं. मग तो बोलायला लागला तो अगदी हळू, समजूत घालण्याच्या सुरात. परवाची स्पर्धा होऊन जाऊ दे. कुठेकुठे पिल्सनरमध्ये थोडं लोणी चालवूनही घेतात म्हणे. नंतर तो मास्तरला हळूच सांगेल, ऊब पुन्हा पूर्ण द्यायला लागतील, कुणाला काही कळणार नाही. फक्त नकटीला एवढ्यात काही सांगायचं नाही. तिला कळलं तर ती थेट स्पर्धेच्या दारात जाऊन उभी राहील. तिचा स्वभाव काय ताईला माहीत नाही?

"म्हणजे तोवर ती समजत राहणार की तिचं नाक गेलं?"

"थोडे दिवसच गं. आणि मग..." मामानं तिच्याकडे न बघता म्हटलं, "मग ऑफिसातच राहिली तर काय बिघडलं? पहिल्यापासून तुलाच नको होतं ना तिचं हे पिणं? तुझ्या मनासारखंच होतंय की, ताई."

ते खरं होतं. आठवडाभर तिच्या मनाच्या कोपऱ्यात जे लपून बसलं होतं, तेच यानं बाहेर ओढून टेबलावर मांडलं. नुसतं गप्प बसायचं होतं. काही करायचं नव्हतं, खोटंसुद्धा बोलायचं नव्हतं. पोरगी आपोआप लेबलांच्या टेबलाशी बसली असती, संध्याकाळी घोट न घेता घरी गेली असती, आणि आईला फोनवर दुसरा प्रश्न विचारावाच लागला नसता. फक्त रोज सकाळी साबण हुंगत राहिली असती, आयुष्यभर.

"तुझी पेटी उचल," ती म्हणाली.

"ताई..."

"पेटी उचल आणि चालू पड. तिला वाकवायची होती तर माझ्या दारात यायचं नव्हतंस. आणि माझ्या मनाचं मला विचार, तू नको सांगूस."

मामानं पेटी उचलली नाही. तसाच गेला. दारात बाबांना एवढंच म्हणाला, "भाऊजी, आवरा हिला. घरातली गोष्ट आहे." गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. मग वळणावरचा हॉर्न, नेहमीपेक्षा लांब.

बाबांनी टेबलावरचे ग्लास गोळा करायला घेतले. "राहू दे चार दिवस," ते म्हणाले. "भाऊ आहे तुझा. पाठचा एकुलता एक. स्पर्धा झाली की मी बोलतो त्याच्याशी. आता सांगितलंस तर ती पोर काय करेल, सांगता येत नाही. नोकरी जाईल, नातं जाईल."

"ग्लास ठेवा खाली."

"अगं, विसळतो नुसते."

"एकालाही पाणी लावायचं नाही. ठेवा म्हटलं ना."

बाबांनी ठेवले. आई खुर्चीत बसली, दुखरा पाय स्टुलावर घेतला आणि फोन मांडीवर ठेवला. राग अजून उतरला नव्हता, भावाचा, त्या न पाहिलेल्या मास्तरचा, या मऊ लागते म्हणणाऱ्या नवऱ्याचा आणि सगळ्यात जास्त त्या हळूच येऊन बसलेल्या विचाराचा. नोकरी जाईल, जाऊ दे. भाऊ बोलायचा बंद होईल, होऊ दे. पोरगी उद्या सकाळी पुन्हा त्या टेबलाशी बसून घोट गिळायला लागेल, आणि आपण पुन्हा तिच्या यकृताच्या काळजीनं कूस बदलत राहू. तेही असू दे.

"कुणाला लावतेस?" बाबांनी विचारलं. "त्यालाच?"

"त्याला कशाला? त्यानं हुंगलं की." तिनं लेकीचा नंबर काढला. वास कसला ते तिनं सांगितलं नव्हतं, म्हणून आधी आपणच म्हणायचं, तिच्याकडून वदवून घ्यायचं नाही, एवढं तिनं पक्कं केलं. म्हणजे मग तिला खरं वाटेल. दुसऱ्या हातानं तिनं टेबलावरचा पहिला ग्लास जवळ ओढला आणि बटण दाबलं.